आधी सडा

निवृत्तीअण्णा मशीनवरून उतरले की किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जायची. पाणी प्यायला उतरले तरी आणि ब्रशमध्ये अडकलेली पिशवी काढायला उतरले तरी. "मशीन बंद, किल्ली खिशात, मग हात," हा त्यांचा मंत्र.

खराडीच्या आयटी पार्कात मी देखभाल विभागात कारकून आणि अण्णा छोट्या लोडरचे चालक. लोडरच्या तोंडाशी भला मोठा गोल ब्रश बसवलेला. त्याने आतले रस्ते झाडायचे, एवढंच काम. पण त्याआधी अण्णा सगळा रस्ता पायी फिरून खडे आणि तारा वेचणार. मोबाइलमध्ये डोकं घालून कुणी इंजिनियर जवळ आला की मशीन जागीच बंद.

"सायेब, लांबनं. ब्रशला डिग्री कळत न्हाई."

एकदा एकाचं ओळखपत्र ब्रशखाली गेलं आणि त्या पठ्ठ्याने सरळ फिरत्या ब्रशकडे हात नेला. अण्णा असे ओरडले की चौथ्या मजल्यावरची माणसं खिडक्यांशी आली. मग मशीन बंद करून, किल्ली खिशात टाकून त्यांनी कार्ड सोडवलं. "कार्ड नवं मिळंल. हातासाठी अर्ज कुठं करनार?"

आणि सडा! पाणी मारल्याशिवाय ब्रश फिरणार नाही. "अहो अण्णा, आमच्याकडे आधी झाडतात, मग सडा घालतात," मी एकदा म्हणालो.

"तुमचा सडा दारासाठी. माझा धुळीसाठी," अण्णा म्हणाले. माझी पुणेरी खोच तिथेच संपली.

एके दिवशी परदेशी पाहुणे यायचे होते आणि नेमका पाण्याचा टँकर आला नाही. मॅनेजर घड्याळ बघत आले. "अण्णा, जस्ट सुरू करा. ड्राय चालेल."

"चालनार न्हाई."

साहेबांनी झाडूवाल्या बायकांना तसंच कोरडं झाडायला बोलावलं. अण्णांनी मशीन त्यांच्यापुढे आडवं लावलं, ब्रश जमिनीला टेकवला आणि किल्ली खिशात घातली.

"उद्यापासून येऊ नका!" साहेब कडाडले.

"उद्याचं उद्या बघू. आज पानी लागंल."

असं म्हणून त्यांनी बादली उचलली आणि पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या कारंज्याकडे निघाले. बायकाही बादल्या घेऊन मागोमाग. पाहुणे आले तेव्हा रस्ता लख्ख होता आणि कारंजं नुसतं खाकरत होतं. ते गेल्यावर साहेबांनी मघाचा हुकूम पुन्हा ऐकवला.

मला भयंकर राग आला होता. संध्याकाळी मी अण्णांना स्कूटरवरून वाघोलीला सोडलं. ते घरात शिरलेच नाहीत. दोरीवरचा धुतलेला सदरा काढून त्याच्या खिशात किल्ली ठेवली, अंगातला लांब जाऊन झटकला, नळावर डोक्यापासून पायांपर्यंत अंग धुतलं, मगच कपडे बदलले. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती थांबेपर्यंत अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मालकीन," ते हळूच म्हणाले. "रस्त्याच्या कामावर झाडायची, कोरडंच. छाती गेली. तवा आडवं यायला कुनी नव्हतं."



"आलासा?" आतून धाप लागलेला आवाज आला. "उद्या कामाला जायचंय न्हवं? डबा करायचा का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी नजर वळवली. त्यांनी खिसा चाचपला.

"कर की. जायला तर लागंलच. किल्ली माझ्यापाशी हाय."