यकृतातले मणी

नागपुरात आमच्या धंतोलीतले देवतळे डॉक्टर माणसांना चेहऱ्याने ओळखत नसत, पोटाने ओळखत. एकदा सीताबर्डीवर साड्यांच्या दुकानात त्यांनी एका प्रतिष्ठित बाईंना हात जोडले आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, नाव नाही आठवत, पण तुमचं पित्ताशय काय सुबक आहे हो!" बाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. डॉक्टरांना वाटलं, कौतुकाने लाजल्या.

ऐंशी सालानंतरचे दिवस होते. डॉक्टर करत ती सोनोग्राफी गावात नवीन होती. लोक तिला 'पोटाचा टीव्ही' म्हणत आणि पेशंटबरोबर अख्खं घर तो बघायला येई. डॉक्टर कोणाला बाहेर काढत नसत, फक्त बोलू देत नसत. कोणी "काय दिसलं?" विचारलं, की म्हणत, "थांब गा, त्याले बोलू दे." 'त्याले' म्हणजे यकृताला. घाई केली की ते मुकं होतं, अशी त्यांची पक्की समजूत. दुसरीकडे चार पेशंट उरकत तेवढ्या वेळात यांचा एक होई. गावात टिंगल व्हायची, पण यांना तिचा पत्ताच नसायचा.

माझा मेहुणा गुलाबराव रामटेकजवळ धानाची शेती करतो. त्याच्या उजव्या कुशीत दुखू लागलं. एका दवाखान्यात तपासून सर्जननी सांगितलं, यकृतातल्या पित्ताच्या नळ्या फुगल्या आहेत, म्हणजे खाली कुठेतरी गाठ असणार, पोट उघडावंच लागेल. ऑपरेशनचा दिवसही ठरला. भावाच्या काळजीने बायको रडून रडून अर्धी झाली. शेवटी मी गुलाबरावाला देवतळ्यांच्या टेबलावर नेऊन झोपवलं.

"श्वास घे. धर. सोड गा." या कुशीवर, त्या कुशीवर, मग बसवून, मग पुन्हा झोपवून. चहा आला, गार झाला. दुसरा आला, तोही गार झाला. एकाएकी डॉक्टर उठले आणि गुलाबरावाचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन!"

"काहून जी?" गुलाबराव टेबलावरच उठून बसला.

"अरे, हे मी फक्त वाचलं होतं. आज डोळ्यानं पाहून राहिलो!" त्यांनी मला पडद्यापाशी ओढलं. "हे बघ मास्तर. नळी फुगली असती तर सलग दिसली असती. हे तर सुटे सुटे मणी आहेत, नळीच्या बाहेर, दोन्ही बाजूनं. गळ्यातल्या पोतीत ओवल्यासारखे. नळी बिचारी मधून आपली सरळ जाऊन राहिली. तुंबली असती तर हा हळदीसारखा पिवळा झाला असता. पाण्याच्या बारक्या पिशव्या आहेत, जन्मभर राहतील. कापायचं काही नाही."

"मंग दुखते कायले?"

"धानाची पोती कोण उचलते?"

"मीच उचलतो जी."

"मंग दुखणारच गा!"

त्यांनी तिथूनच सर्जनला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. गाठ निघाली तर जबाबदार कोण, असं तो विचारत होता. "मी!" डॉक्टर ओरडले. "शंभर टक्के मी! त्याच्या पोटाले हात लावू नको!"

मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला. त्यांच्यासारखा छातीठोक माणूस नागपुरात नाही, असं मी पुढे भेटेल त्याला सांगत सुटलो.

काही महिन्यांनी गुलाबराव संत्र्यांची टोपली घेऊन घरी आला. तब्येत ठणठणीत. बोलता बोलता म्हणाला, "भाऊजी, तुमचे डॉक्टर लय देवभोळे आहेत बा."

"देवतळे? ते कधी देवळात पाय ठेवत नाहीत!"

"काय सांगता? दर पंधरा दिवसांनी रामटेकले येतेत. दर्शन झालं म्हणतेत आन् आमच्या ओसरीवर ताक प्यायले बसतेत. भूक लागते काय, अंगाले खाज येते काय, इचारत राहतेत. मी जेवलो, का मंगच उठतेत."

मी उठून तसाच डॉक्टरांकडे गेलो. ते दार ओढून घेत होते. गुलाबराव आला आहे, त्याने सगळं सांगितलं, असं मी म्हणालो. ते कुलपाशी उगाच खटपट करत राहिले.

"तुम्ही तर शंभर टक्के म्हणाला होता, डॉक्टर."

"म्हणालोच होतो. तसं नसतं म्हटलं तर त्या सर्जननं त्याले कापला असता ना." मग आवाज खाली आला. "पण मास्तर, अशी केस मी आधी कुठं पाहिली होती? इथं कोणाले विचारू? चुकलो असलो तर तुझ्या बायकोचा भाऊ जाते गा. रात्री डोळा लागत नाही. त्याले जेवताना पाहिलं की दोन दिवस बरे जातात."

मी त्यांच्या हातातलं कुलूप घेऊन लावलं आणि विचारलं, "असे किती दिवस रामटेकला जाणार?"

"तो दुसऱ्या कशानं मरेस्तोवर," डॉक्टर म्हणाले आणि गुलाबराव जेवला का, हे बघायला माझ्या घराकडे निघाले.