मन्मथप्पाने मुरूम विरघळवला

"पाव्हणं, आमच्या रानात पाय टाका, घोट्यापर्यंत रुततो का न्हाई बघा!" मन्मथप्पाने रात्री जेवताना छाती ठोकून सांगितलं. केजहून वीरभद्रप्पा आले होते, मन्मथप्पाच्या नीलाला आपल्या मुलासाठी बघायला. मुलगी पसंत पडली होती. सकाळी रान बघायचं, की सोयरीक पक्की!

आणि रान कसलं? लिंबागणेशच्या वाटेवरचा निव्वळ मुरूम! कुदळ मारली की ठिणगी उडायची. निजामाच्या जमाबंदीवाल्यांनीही 'बरड' म्हणून पाठ फिरवली होती. ज्वारी पिवळी पडून कण्हत होती. हरभरा मात्र हिरवागार, मस्तवाल! हरभरा मुळांतून आंबट रस सोडतो आणि मुरमाने दाबून ठेवलेलं अन्न सोडवून घेतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक? मन्मथप्पाला ठाऊक होती फक्त पानांवरची आंब. पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरायचं, दवाने भिजलं की पिळून घ्यायचं, पोटदुखीवर रामबाण! त्याने डोकं चालवलं आणि तिथेच घात झाला. ही आंबच मुरूम विरघळवत असणार!

"नुसत्या फडक्यानं काय व्हतंय?" म्हणत त्याने पहाटे दोरीवर वाळत घातलेलं लांबरुंद धोतर ओढलं. हरभऱ्यावर पसरलं, वाटेवरच्या मुरमावर पिळलं, पुन्हा पसरलं, पुन्हा पिळलं. मुरूम ढिम्म! उजाडायच्या आत धोतर दोरीवर परत.

ते पाहुण्याचं धोतर होतं!

दवाने ओलं झालं असेल, म्हणून वीरभद्रप्पा तेच नेसले. बांधापर्यंत पोचताना त्यांची चाल बदलली. मांड्या पेटल्या! "आरं शिवशिवा! मुंग्या हायत का काय?" म्हणत ते थेट हरभऱ्यात नाचायला लागले.

तेवढ्यात मन्मथप्पाची बायको दानम्मा लेकीसह न्याहारी घेऊन आली. नीला कडाडली, "ओ पाव्हणं! घाटे भरायला लागलेत अन् तुमी तुडवताय कावून? नाचायचंच असंल तर त्या मुरमावर नाचा, तिथं काय बी उगवत न्हाई!"

मन्मथप्पाने डोळे मिटले. रानाची अब्रू गेली, पोरीची जीभ दिसली. मोडली सोयरीक!

वीरभद्रप्पा थबकले. "पोरगी रोज अशीच बोलती?"

"रोज," दानम्मा खाली मान घालून म्हणाली.

"मंग पक्की! आमच्या घरात आई अन् बायको, दोघी ह्या मुरमाहून कडक. गरीब पोरगी ज्वारीवानी पिवळी पडंल. ही हरभऱ्यावानी तग धरंल!"

"मला कुणी इचारलं का पण?" नीला.

"लई झकास!" वीरभद्रप्पा मांड्या खाजवत खूश झाले.

मन्मथप्पा त्यांच्याजवळ सरकला. "पाव्हणं," तो हळूच म्हणाला, "तेवढं माझं धोतर नेसता का?"