लाकडातून आलेला हत्ती

"अगं, हत्ती भिंतीतून आला!"

फ्रेमवाले एवढ्या जोरात ओरडले की त्यांची बायको अर्धवट सोललेला बटाटा हातात घेऊनच बाहेर धावली.

"कुणाच्या भिंतीतून?"

"आपल्या! टीव्हीच्या! हे बघ, इथून, या लाकडातून एक काळा हत्ती निघाला, सरळ आडवा चालत आला आणि माझा वजीर घेऊन गेला!"

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी मात देत होतो!"

बायकोने टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीच्या डाव्या अर्ध्यात व्याही बसले होते, हाताची घडी घालून. उजव्या अर्ध्यात बुद्धिबळाचा पट होता आणि पटाच्या मधोमध, जिथे मघापर्यंत पांढरा वजीर ऐटीत उभा होता, तिथे काळा हत्ती उभा होता. तो नुकताच जेवून उठल्यासारखा दिसत होता.

डाव साधा नव्हता. फ्रेमवाल्यांचं फोटोंना फ्रेम करून देण्याचं दुकान आणि त्यांच्या व्याह्यांचं, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांचं, चष्म्याचं. सोयरीक जुळल्यापासून दोघांचं बुद्धिबळही जुळलं होतं. पण मुलीच्या लग्नानंतर काही दिवसांतच व्याह्यांनी एक धोशा लावला होता: "व्याहीबुवा, एकदा डोळे तपासून घ्या." भेटले की डोळे, फोन केला की डोळे. ज्या माणसाने उभा जन्म लाकडाचे कोपरे जुळवण्यात घालवला त्याला दिसत नाही म्हणायचं, म्हणजे आचाऱ्याला चव कळत नाही म्हणण्यासारखंच होतं. शेवटी पैज लागली. फ्रेमवाले हरले तर दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या दुकानात जाऊन निमूटपणे चष्मा करून घ्यायचा आणि तो घालायचा. जिंकले तर व्याह्यांनी आयुष्यात पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही. पंच म्हणून सासरी व्याह्यांच्या शेजारी बसलेली मुलगी, कारण ती दोन्ही घरांची.

दूरच्या दूर खेळायचं म्हणून मुलीने फोनवरून सांगून सांगून लॅपटॉप टीव्हीला जोडायला लावला होता. टीव्ही नवा होता आणि त्याला फ्रेमवाल्यांनी स्वतःच्या हाताने सोनेरी रेघ मारलेली रुंद लाकडी चौकट केली होती. नुसता टीव्ही भिंतीवर टांगणं म्हणजे बनियनवर लग्नाला जाणं, असं त्यांचं मत होतं. चौकट बसल्यापासून बायकोची एकच तक्रार होती, की बातम्यांच्या कोपऱ्यात पूर्वी घड्याळ दाखवायचे ते हल्ली दाखवत नाहीत.

"खर्च कमी केला असेल," फ्रेमवाले म्हणाले होते.

डाव सुरू झाला तेव्हा पट छोटा आणि मधोमध होता. व्याह्यांच्या मागे भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो दिसत होता. तोही फ्रेमवाल्यांनीच मढवून भेट दिलेला. "विहीणबाई कुठायत? त्यांनाही बसू द्या की समोर," बायकोने विचारलं, तेव्हा आतून आवाज आला होता, "नको गं बाई! मी कॅमेऱ्यासमोर आले की गायब होते. लग्नाच्या एवढ्या मोठ्या फोटोत तरी आहे का मी?"

थोड्या चाली झाल्यावर फ्रेमवाल्यांनी पटाचा कोपरा माउसने धरून ओढला आणि पट पार कडेपर्यंत मोठा केला. नीट दिसत नव्हतं म्हणून नव्हे. टीव्ही एवढा मोठा आहे तर वापरावा म्हणून. आणि त्यानंतर तो हत्ती आला होता.

"नेट अडकलं असणार," फ्रेमवाल्यांनी निदान केलं. "हत्ती आधीच निघाला असेल, आपल्याला उशिरा पोचला."

त्यांनी राउटर बंद केला. व्याही टीव्हीवर तोंड उघडं ठेवून थिजले. राउटर चालू केला. व्याही हलू लागले, पट परत आला, हत्ती जिथल्या तिथे. फक्त डावाच्या घड्याळातला फ्रेमवाल्यांचा बराच वेळ निघून गेला होता.

"बाबा, राउटरला हात लावू नका! तुमचा वेळ चाललाय!" मुलगी ओरडली.

"मग केबल." त्यांनी केबल उपसली, फुंकर मारली, उलटी घालून पाहिली, शेवटी सुलटी घातली.

"अहो, काच पुसून बघू का?" बायको म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिने पदराने काच पुसली. काळा हत्ती आणखी काळा दिसू लागला.

फ्रेमवाल्यांनी घाम पुसला. वजीर गेला तर गेला, अजून घोडा होता. घोडा नेमका कुठे न्यायचा याचा विचार करत त्यांनी त्याला माउसने उचललं, आणि त्याच वेळी बायकोच्या हातातला बटाटा निसटून त्यांच्या पायावर पडला. हात उजवीकडे सरकला, बोट सुटलं.

घोडा पटावरून नाहीसा झाला.

दोघंही पुतळ्यासारखी उभी राहिली.

"घोडा गेला," फ्रेमवाले कुजबुजले.

"कुठे गेला?"

"लाकडात."

"मघाशी हत्ती आला, आता घोडा गेला," बायको म्हणाली. "ही चौकट आहे की तबेला?"

फ्रेमवाल्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. यंत्रात दोष नव्हता, नेटमध्ये नव्हता, काच स्वच्छ होती. उरलं कोण? ते सावकाश व्याह्यांकडे वळले.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "एक विचारू का? तुमच्याकडे एकंदर हत्ती किती आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे मोजून सांगा. आणि माझा घोडा परत द्या."

"अहो, तुमचा घोडा मी कशाला घेऊ? मी खेळलोच नाही अजून!"

"मला शिकवू नका! हत्ती अधांतरी येत नसतात. तुमच्या घरी कुणीतरी संगणकातलं बसलंय!"

बायकोने कपाळावर हात मारला. लग्नात मानपानावरून सुद्धा एक शब्द झाला नव्हता, आणि आता घोड्यावरून सोयरीक मोडायची पाळी आली होती.

"बाबा," मुलगी सासऱ्यांकडे बोट दाखवत रडवेल्या आवाजात म्हणाली, "पप्पा चीटिंग करतील का? तुमचा घोडा पटावरच आहे. सगळ्यात उजवीकडच्या उभ्या ओळीत."

"उजवीकडची ओळ माझ्यासमोर आहे. रिकामी!"

"हत्तीही त्याच ओळीतून आला."

"मी आंधळा आहे का?"

यावर व्याह्यांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि आपलं एक प्यादं पुढे सरकवलं; फ्रेमवाल्यांचं घड्याळ पुन्हा चालू झालं.

"बाबा, एक करा," मुलगी म्हणाली. "उभ्या ओळी मोजा."

"ओळी काय मोजायच्यात? लहानपणापासून खेळतोय मी."

"मोजा हो," बायको म्हणाली आणि स्वतःच काचेवर बोट ठेवून मोजू लागली. बोट चौकटीला जाऊन टेकलं. "सात."

"पुन्हा मोज."

"सातच."

फ्रेमवाल्यांनी स्वतः मोजल्या, डावीकडून, मग उजवीकडून. बायकोने चौकटीच्या उजव्या पट्टीला नाक लावलं आणि लाकडाच्या मागे डोकावून पाहिलं. मागे चांगला चार बोटं टीव्ही होता. त्यात तिला घोड्याची मान दिसली.

"अगंबाई! हा काय इथे उभाय! आणि बातम्यांतलं घड्याळसुद्धा इथेच असणार, अहो! एवढे दिवस मी चॅनेलवाल्यांना शिव्या घालतेय!"

फ्रेमवाले मटकन खुर्चीत बसले. त्यांच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. दोष डोळ्यांचा म्हणावा, तर चष्मा. डोळे ठीक म्हणावेत, तर चौकट चुकली, म्हणजे हात चुकला, म्हणजे जन्मभराचं नाव गेलं. त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि तिसरी वाट शोधून काढली.

"टीव्ही फुगलाय," ते म्हणाले.

"काय?"

"उन्हाने. मी माप घेतलं तेव्हा पंच्याऐंशी सेंटीमीटर होता, मला चांगलं आठवतंय. लाव टेप!"

बायकोने टेपचं एक टोक टीव्हीच्या डाव्या कडेला धरलं आणि दुसरं टोक चौकटीमागून उजव्या कडेपर्यंत नेलं. फ्रेमवाल्यांनी मान मागे घेतली, पुढे घेतली, डोळे बारीक केले आणि कॅमेऱ्याकडे वळून विजयाने जाहीर केलं, "पंच्याऐंशी! अजूनही पंच्याऐंशीच आहे!"

"मग फुगला कुठे?" व्याही म्हणाले.

बायको टेपवर वाकली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा टेपकडे.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "पंच्याण्णव आहे."

तेवढ्यात पटावर मोठ्या अक्षरांत 'पांढऱ्याचा वेळ संपला' असं उमटलं. ती अक्षरं एवढी मोठी होती की फ्रेमवाल्यांनाही वाचता आली.

जिंकलेले व्याही मात्र हसले नाहीत. ते उठले, मागच्या भिंतीवरून लग्नाचा फोटो काढला आणि छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर बसले.

"व्याहीबुवा, या फोटोभोवती काचेखाली बसवलेल्या पुठ्ठ्याचं मापही तुम्हीच घेतलं होतं ना?"

"म्हणजे काय! दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"मग आज सांगतो. डावीकडे तुम्ही दोघं अख्खे, बुटांसकट. मध्ये मुलं. आणि उजवीकडे मी. फक्त एक कान आणि अर्धा खांदा." व्याह्यांचा आवाज जरा बसला. "आधी वाटलं, मुद्दाम केलंत. आमच्याकडून काही राहिलं असेल, म्हणून कापलंत. रात्रभर झोप नाही. मग मनाशी म्हटलं, हा माणूस असा नाही, याला दिसतच नसणार. तेव्हापासून मागे लागलो, डोळे तपासा, डोळे तपासा. तुम्हाला खरंच दिसत नाही एवढं एकदा कळलं असतं ना, तर मला सुखाने फोटो बघता आला असता."

"अहो, मी आहेराचा फोटो कापीन का हो?" फ्रेमवाले कसेबसे म्हणाले. "कात्री लावलेलीच नाही मी. पुठ्ठ्याखाली तुम्ही पूर्ण आहात. उघडून बघा, मागचे खिळे उपसा."

तिकडे मुलीने पकड आणली. खिळे निघाले, काच निघाली, पुठ्ठा निघाला. व्याही फोटोवर वाकले आणि तसेच राहिले. मुलीने तोंडावर हात ठेवला. मग आतून चपला फटफटवत विहीणबाई आल्या, त्यांनी दोघांच्या मधून मान घातली आणि किंचाळल्या.

"अगंबाई! म्हणजे मी होते तर लग्नात!"

तिकडे हसण्याचा एकच कल्लोळ उडाला. व्याही डोळे पुसत फोटो कॅमेऱ्यापुढे नाचवू लागले. फ्रेमवाले उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले, मान मागे घेतली, पुढे घेतली, डोळे बारीक केले. मग त्यांनी बायकोचा हात धरला आणि जे वाक्य वर्षभर कुणी त्यांच्या तोंडून वदवू शकलं नव्हतं, ते बोलून गेले.

"कोण निघालं गं? सांग ना! मला इथून काही दिसत नाहीये."