आधी कोणाचा डोळा

काचबिंदू दोघांनाही एकाच महिन्यात निघाला. साहेबांना आणि त्यांच्या बायकोला. साहेब म्हणजे वजनमापं तपासणारे निरीक्षक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी दुकानात काटा दिसला की ते अजून वाकून बघत.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "डोळ्यातलं पाणी जायचा कोन उघडा आहे, पण निचरा होत नाही, म्हणून दाब वाढतो. कडेचं दिसायचं गेलं ते गेलं. राहिलंय ते सांभाळायचं, त्यासाठी ऑपरेशन. एकात पाण्याला बारीक वाट करतात. दाब चांगला उतरतो, पण सुरुवातीला फार जपावं लागतं. दुसऱ्यात नळी बसवतात. सुरुवातीचा त्रास कमी, पण औषधाचे थेंब बहुधा चालू राहतात. तुम्हाला दोन्ही चालतील."

साहेबांनी घरी येऊन कागदावर दोन रकाने आखले. चार दिवसांत कागद भरला, पण निकाल लागेना.

"असं करू," ते म्हणाले, "एकानं आधी करून घ्यायचं. तीन महिने बघायचं, मग दुसऱ्यानं ठरवायचं. मी आधी."

"तुम्ही का म्हणून? मी आधी."

"अगं, चुकलं तर माझं चुकू दे."

"म्हणजे तुम्ही चाचपडणार आणि मी बघत बसणार? जमायचं नाही."

भांडण दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी दोघंही एकाएकी गोड बोलायला लागली, तिथेच संशय यायला हवा होता.

मंगळवारी साहेब "लायब्ररीत जाऊन येतो" म्हणून निघाले आणि दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसले, नजर समोरच्या दारावर. थोड्या वेळानं शेजारी कोणी बाई येऊन बसल्या. साहेबांनी सभ्यपणे अंग चोरलं. बाईंनीही चोरलं. कडेचं दोघांनाही दिसत नव्हतं. वीस मिनिटं नवराबायको परक्यासारखी खेटून बसली.

सिस्टर आली. "काका, सोबत कोण आलंय?"

"मुलगी. गाडी लावतेय," साहेबांनी ठोकून दिलं.

"आपल्याला मुलगी कधी झाली?" शेजारच्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी अख्खी मान वळवली. "तू इथे?"

"काकू, तुमचा तर मुलगा येणार होता ना?" सिस्टरनं वही पाहिली.

सोबत माणूस नसेल तर ऑपरेशन नाही. म्हणजे आज एकाचंच. डॉक्टरीणबाईंनी दोघांचे दाब पुन्हा मोजले. तिचा जास्त निघाला.

"हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" साहेबांनी विचारलं. कोणी दाद दिली नाही. तिच्या डोळ्यात वाट करायची ठरली आणि सोबतीचा माणूस म्हणून साहेबांनी सही केली.

ती डोळ्यावर झाकण लावून बाहेर आली. "आता तीन महिने थांबा. माझा दाब उतरला तर हीच वाट करा, नाहीतर नळी."

"मी तारीख घेतली. पुढच्या महिन्यात, हीच."

"अहो, चांगली की वाईट ते अजून कळायचंय!"

"कळून काय करू?" जन्मात एकही काटा तपासल्याशिवाय पास न केलेला माणूस म्हणाला. "तुझं होईल ते माझं होऊ दे."

ती दाराकडे वळली.

"चल. पायऱ्या आहेत, हात धर."

"तुम्हाला दिसतात?"

"नाही. येताना मोजल्यात. अकरा."