बबनकाकांचा बघण्याचा कार्यक्रम

पळसदरीचे बबनकाका वर्षातून दोनदा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसतात आणि काकूंना पोहे करायला लावतात. कुणी विचारलं तर सांगतात, "आज माजा बघण्याचा कार्यक्रम हाय."

बघायला जाते ती मी. काकांना स्नायूंचा एक दुर्मीळ आजार आहे. अंगातली ताकद हळूहळू ओसरत जाते. हा आजार कसा वाढतो, तेवढंच नोंदवणारं एक संशोधन चालू आहे. औषध द्यायचं नाही, नुसतं बघायचं. मी फिजिओथेरपी शिकते, म्हणून हे संशोधन करणाऱ्या आमच्या कॉलेजातल्या मॅडम मला मोजमापं घ्यायला पाठवतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आपल्या हातून काहीतरी चुकेल, ही धास्ती कायम असते.

"बघून जाता, पोहे खाता, पन पसंती काय कळवत नाय," काका म्हणतात. "नापसंत असंल तर सांगा बाई. दुसरीकडं बघू."

"दुसरीकडं कोन घेतंय तुमाला!" काकू आतून ओरडतात.

खुर्चीवरून हात न टेकता उठायला किती वेळ लागतो, तेही मोजायचं असतं. या खेपेला काका इतके झटकन उठले, की मीच घाबरले. हा आजार मागे कसा फिरेल? वाकून पाहिलं, तर खुर्चीच्या चारही पायांखाली विटा. उंच खुर्चीवरून उठायला जोर कमी लागतो. दारात उभी असलेली त्यांची मुलगी सुगंधा मात्र टाळ्या वाजवत होती.

वडीलधाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? पण असे आकडे नेले तर त्या संशोधनाला काय अर्थ? शेवटी पुटपुटले, "काका, विटा काढाव्या लागतील."

काकांनी सुगंधाकडे पाहिलं. "जा गं, दूध घेऊन ये. पोरीला च्या देऊ."

ती फाटकाबाहेर जाईपर्यंत ते भिंतीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "काढ."

मी विटा काढल्या. काका बसले, हात छातीवर बांधले आणि उठायला गेले. मागे पडले. पुन्हा जोर केला. मांड्या थरथरत होत्या. मदत करायची नाही, असा नियम आहे. मी हातातलं घड्याळ घट्ट धरून उभी राहिले.

"उठता येत नाय. तसंच लिव," काका धापा टाकत म्हणाले. "तिच्यापुढं नको व्हतं गं. तिचा पन पाय घासाया लागलाय. माज्याकडं बघती आनि सोताचं पुढचं बघती. तिच्या वेळंला तरी औषध निगू दे."

अंगणात चप्पल घासत आल्याचा आवाज झाला.

"लिवलंस?"

"हो."

"मग उठीव मला. लवकर."

मी घड्याळ खाली ठेवलं आणि त्यांच्या काखेत हात घातले.