ऐनाच्या सालीतली पांढरी जर्सी

"इतिहास आहे ह्या जर्सीला, इतिहास!"

हे वाक्य हरिश्चंद्राने मालवणच्या दांडी किनाऱ्यावर दोन दिवसांत चाळीस वेळा तरी ऐकवलं असेल. लोक कंटाळले, पण हा थांबेल तर शपथ! मुंबईच्या एका मिलच्या पगारी बास्केटबॉल टीममध्ये तो होता. "चौतीस सालापासून पांढरी शुभ्र! सत्तेचाळीस साली बाह्या गेल्या, बावन्न साली गळा खाली आला, पण पांढऱ्या रंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ही चार नंबरची घालून आमचा पहिला कॅप्टन मोडक्या अंगठ्याने फायनल खेळला!"

टीममध्ये आपण दहापैकी दहावे आणि मिलमध्ये नुसते बदली कामगार, हे मात्र त्याने एकदाही सांगितलं नाही. सहा वर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहून "आज काम आहे का?" विचारायचं, ही त्याची नोकरी! अठ्ठावन्न साली शाळेच्या मदतीसाठी मालवणात सामना ठरला, तेव्हा मिलचे मॅनेजर असलेल्या वागळेसाहेबांनी जर्स्यांची ट्रंक त्याच्या हवाली करून त्याला पुढे पाठवलं. म्हणाले, "सांभाळ. सगळं नीट पार पडलं तर तुला कायम करतो."

सामन्याच्या सकाळी तो मैदानावर रिंग बांधून घरी आला. टीमची बोट लागायला तासभर होता. ट्रंक उघडतो तर काय, रिकामी!

"आये, जर्श्यो खंय गो?"

आई नर्मदा परसात मोठ्या हंड्यापुढे बसली होती. ऐनाच्या झाडाची साल टाकून जाळी उकळायचा दिवस होता. "वाळत घातलंय रे झिला. बघ, कसो बरो रंग इलो!"

दोन माडांमधल्या दोरीवर दहा जर्स्या लोंबत होत्या. गडद तांबड्या, नव्या जाळ्यासारख्या! निळे नंबर कुठल्या कुठे बुडाले होते.

"ऐनाच्या सालीत उकळलंस?" हरिश्चंद्राने एक जर्सी दोरीवरून ओढून काढली.

"मगे? धवां-पांढरां सूत खाऱ्या वाऱ्यात कुजता. तुझ्या बापाशीचां जाळां ह्याच सालीर पाच वर्सां टिकलां!"

त्याने साबण घासला. ढिम्म! लिंबं पिळली. हात झोंबले, रंग जागच्या जागी. शेवटी समुद्रात नेऊन आपटल्या, तर रंग आणखीच खुलला. तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. गेली नोकरी!

बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरताच साहेबांनी विचारलं, "जर्स्या?"

"वाळतायत, साहेब." हे तरी खोटं नव्हतं.

चार वाजता मैदानावर ट्रंक उघडली. साहेबांनी झाकण लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं! मैदान माणसांनी फुललेलं, तिकिटं खपलेली, दुसरे कपडे नाहीत. टीमने निमूटपणे त्या जर्स्या चढवल्या.

आणि समोरून गावची टीम आली. सगळी दांडीचीच पोरं. त्यांच्याही आया तशाच! त्यांचीही बनियनं सालीतून काढलेली, अगदी तोच तांबडा रंग!

मग काय विचारता! कोण कुणाचा, पंचाला कळेना. मिलचा कॅप्टन विश्वासाने चेंडू द्यायचा, घेणारा हसून उलट्या दिशेला पळायचा. शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना साहेबांनी हरिश्चंद्राला आत पाठवलं. घाबरून त्याने पहिल्याच झटक्याला चेंडू दिला तो आपल्या मावसभावाला, गुरुदासला. गुरुदास पलीकडच्या टीमचा! त्याने बास्केट केली. मिल दोन गुणांनी हरली.

"इकडे ये," साहेब म्हणाले. "हे उकळलं कुणी?"

आईचं नाव घ्यायला जीभ उचलेना. "मी, साहेब."

"खोटां बोलता तो!" गर्दीतून नर्मदा तरातरा पुढे आली. "मी उकळलंय! माका काय तां बोला!"

साहेबांनी पांढरा रुमाल काढून कॅप्टनच्या घामाने निथळणाऱ्या पाठीवर खसाखसा घासला. रुमाल उलटसुलट करून पाहिला. डाग नाही!

"अहो बाई, आमच्या मिलची साडी पहिल्या धुण्यात शेजारचं धोतर रंगवते! दहा वर्षं पक्का रंग शोधतोय आम्ही. याल का आमच्या रंगखात्यात? उद्यापासून कायम करतो तुम्हाला!"

हरिश्चंद्राचा आ वासला तो वासलाच. "आणि मी, साहेब?"

"तू? चेंडू मावसभावाला देतोस आणि वर विचारतोस?"

नर्मदेला लेकाचं तोंड बघवेना. पदर खोचून तिने जरा विचार केला.

"येतंय मी, साहेबानु. पण गणपतीक आणि शिमग्याक मी गावाक येतलंय. त्या दिसांत माझ्या जाग्यार माझ्या झिलाक घेवा."

"मंजूर!" साहेब म्हणाले. "आईच्या जागी बदली!"