राजेसाहेब, जरा सरकून बसा

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती आणि त्या नदीत एक होडी होती. जंगलात होडी कशाला, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं मागे जाऊन बसावं. या गोष्टीत सिंह बोलणार आहे, त्याला तुम्ही हरकत घेतली नाहीत. मग होडीनंच काय घोडं मारलंय?

होडी गोदाक्का पाणमांजरीची होती. तिच्या नवऱ्यानं ती ऐनाच्या झाडाच्या लाकडातून घडवली होती. नवरा गेला, होडी राहिली. उन्हाळ्यात अलीकडचं गवत वाळलं की हरिणी पाडसांना घेऊन पलीकडच्या हिरव्या काठावर जायच्या. त्यांना पोहोचवायचं काम गोदाक्काचं. तिचा त्या होडीवर जीव होता. स्वतःच्या पोरांना ती धपाटे घालायची, पण होडीला कधी जोरात टेकली नाही.

त्या जंगलाचा राजा होता केसरसिंह. त्याला एकदा वाटलं, उन्हाळ्याची झळ प्रजेला किती बसते ते स्वतः पाहावं. चांगला विचार होता. राजांना असे विचार येतात. काळजी त्यानंतर काय होतं त्याची करायची असते.

"पाहणीला जायचं," राजा म्हणाला, "पण ऊन फार आहे हो."

प्रधान साळिंदरपंत लगेच पुढे झाले. "महाराज, थंडगार होडीतून जाऊ. शहरात माणसं खोल्या गार करतात, ते यंत्र होडीवर बसवू."

झालं. गोदाक्काची होडी सरकारजमा झाली. "दौऱ्यापुरती," असं पंत म्हणाले. होडीवर लाकडी खोली उभी राहिली, तिला काचेच्या खिडक्या लागल्या. यंत्र बसवायला माकडराव मिस्तरी आले. त्यांनी मोठमोठ्या झाडांवर अशी यंत्रं बसवली होती. जंगलात वीज कुठून आली, असं कुणी विचारलं तर मी गोष्ट इथंच थांबवीन.

आता नीट ऐका. असं यंत्र हवा गार करतं तेव्हा हवेतलं पाणी त्याच्यावर साठतं आणि ठिबकतं. माकडरावांना हे माहीत होतं. त्यांनी यंत्राखाली एक ताट बसवलं. ताटाला डावीकडे किंचित उतार दिला आणि तिथून एक नळी नदीत सोडली. थेंब अन् थेंब बाहेर. काम अगदी चोख होतं.

फक्त ते काम करताना होडी वाळूवर ओढून ठेवली होती. वाळूवर होडी हलत नाही.

"पाण्यात गेल्यावर?" गोदाक्कानं विचारलं.

"आमची हमी काठापुरती," माकडराव म्हणाले आणि शेपटी सावरून निघून गेले.

दौरा निघाला. आणि इथं एक राजरीत आडवी आली. त्या राज्यात राजा नेहमी उजवीकडे बसायचा. डावी बाजू नोकरांची, खरकट्या भांड्यांची आणि पराभूत शत्रूंची. सिंहासन उजव्या भिंतीला ठेवलं होतं. त्यावर केसरसिंह बसले. राजांचं वजन काही कमी नव्हतं. शेजारी मानकरी म्हणून दोन गवे बसले. होडी उजवीकडे कलली.

ताटही उजवीकडे कललं. पाणी डावीकडच्या नळीकडे जायचं सोडून उजवीकडून छपराच्या फटीतून आत ओघळलं. टप्. राजाच्या आयाळीत. टप्. राजाच्या नाकावर.

दरबारानं वर छपराकडे पाहिलं, मग राजाच्या नाकाकडे.

खोलीतल्या प्रत्येकाला उपाय कळला होता. सशाला कळला, गव्यांना कळला, खाली बसलेल्या बेडकालाही कळला. राजानं चार पावलं डावीकडे सरकायचं, बस्स. पण राजाला "सरका" कोण म्हणणार? तेही डावीकडे? तुम्ही म्हणाल का? मुख्याध्यापकांना तरी म्हणाल का? मग सशाला हसू नका.

"पंत," राजा म्हणाला, "आमच्यावर काहीतरी गळतंय."

साळिंदरपंतांनी डोळे मिटले. उघडले. "महाराज, हा अभिषेक आहे. आकाशानं आपल्याला ओळखलं."

"आत बसूनसुद्धा?"

"आकाशाला भिंतींचं काय, महाराज!"

राजाला ते पटलं. त्यानं नाक पुसायचं थांबवलं.

दुसरी भानगड म्हणजे यंत्राची थरथर. माकडरावांनी यंत्र छपराला थेट स्क्रूनं आवळलं होतं. मध्ये रबराचा तुकडा नाही की काथ्याची गादी नाही. यंत्र घरघरलं की छप्पर थरथरायचं, छपराबरोबर भिंती, भिंतींबरोबर तळ आणि तळावर बसलेला सगळा दरबार. सशाचे कान हलत होते. गव्यांचे गाल हलत होते. पंतांच्या अंगावरचे काटे एकमेकांवर आपटून खळखळ वाजत होते.

"हे सगळे असे कापतायत का?" राजानं विचारलं.

"आपला दरारा, महाराज," पंत म्हणाले. त्यांचे दातही वाजत होते, त्यामुळे ते फार खरं वाटलं.

राजा खूष झाला. गुहेत त्याच्यापुढं कुणी इतकं कापत नसे. "मग अजून गार करा," तो म्हणाला.

यंत्र वाढवलं. अभिषेक वाढला. दरारा वाढला.

खिडक्यांच्या काचा बाहेरून धुरकट झाल्या. गार काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरलं होतं. राजानं बाहेर पाहिलं. सगळं पांढरं दिसलं.

"अहो, बाहेर तर दाट धुकं आहे! ऐन वैशाखात! प्रजेची मजा आहे बुवा."

"आपल्या राज्यात उन्हाळाही लाजतो, महाराज," पंत म्हणाले.

एकटी गोदाक्का खूष नव्हती. ती मागं वल्ह्याशी बसली होती आणि तिला पायाखालून कळत होतं. थरथरीनं तळाचे खिळे सैल होत होते. फळ्यांच्या फटींत भरलेला काथ्या सुटत होता. होडी उजवीकडे कललेली, त्यामुळे नदीही त्याच बाजूनं आत येऊ लागली होती. गोदाक्का करवंटीनं पाणी उपसत होती. एक करवंटी बाहेर टाकावी तर दोन आत यायच्या.

होडी बुडाली असती तर दरबार पोहत-बुडत काठाला लागला असता. राजाला दुसरी होडी मिळाली असती. गोदाक्काला मिळाली नसती. आणि पाडसं अलीकडच्या वाळक्या काठावरच राहिली असती.

तिनं करवंटी खाली ठेवली, खोलीचं दार उघडलं आणि सरळ बोलली.

"अवो राजेसाहेब, जरा डावीकडं सरकून बसा की. होडी बुडाया लागलीया."

सशानं कान डोळ्यांवर ओढले. बेडूक पटकन गव्याच्या पायामागं गेला.

"काय म्हणाली ही?" राजानं विचारलं.

"राजद्रोह, महाराज," पंत म्हणाले. "आपल्याला जागेवरून हलवण्याचा कट. तोही डावीकडं. हिला नदीत फेकून द्या!"

आता ही शिक्षा कुणाला झाली ते लक्षात घ्या. पाणमांजरीला. पण दरबारात बेडूक सोडला तर सगळे कोरड्या जमिनीचे. त्यांना याहून भयंकर काही सुचलं नाही. गव्यांनी गोदाक्काला उचललं आणि पाण्यात टाकलं. दरबारानं डोळे मिटून हळहळ व्यक्त केली.

गोदाक्का तळाखाली गेली. खालून तिला सगळं दिसलं. उजव्या बाजूच्या फळ्या एकमेकींपासून सुटल्या होत्या. तिनं त्यांच्यावर पंजा ठेवला. लाकूड तापानं फणफणलेल्या पोरासारखं थडथडत होतं. गोदाक्काला रडू आलं. ती पाण्यात पोटभर रडली, कारण तिथं ते कुणाला दिसत नाही. मग तिला राग आला. रागात तिला सुचलं.

ती होडीच्या डाव्या बाजूला वर आली, कठड्याला धरून लोंबकळली आणि गळा काढून ओरडली.

"अगं बाई बाई! केवढी ही गर्दी! काठावर सगळी प्रजा जमलीया! राजेसाहेबांचं दर्शन मागतीया! फुलं घेऊन आल्याती!"

काठावर बोरीचं एक वाळकं झुडूप होतं. बाकी कुणी नव्हतं.

पण काचा धुरकट होत्या ना! राजा ताडकन उठला. "कुठं? कुठल्या बाजूला?"

"हिकडं, महाराज! डावीकडं!"

डावी बाजू नोकरांची, हे राजाला त्या घटकेला आठवलं नाही. फुलं घेऊन लोक उभे असले की बाजू बघायची नसते. तो दार लोटून डाव्या कठड्याशी धावला आणि पंजा हलवू लागला. राजा धावला म्हणून गवे धावले. गवे धावले म्हणून पंत, पंतांमागे ससा, सशामागे बेडूक.

होडी डावीकडे कलली. उजव्या फळ्या पाण्याच्या वर आल्या. ताटातलं तुंबलेलं पाणी नळीतून भसाभस नदीत गेलं. आणि थरथरून थरथरून ज्याचे स्क्रू केव्हाच ढिले झाले होते ते यंत्र छपरावरून घसरलं आणि धप्पकन नदीत पडलं.

घरघर थांबली. होडी शांत झाली. पंतांचे काटे वाजायचे थांबले.

"हे काय पडलं?" राजानं विचारलं.

पंतांना फार विचार करावा लागला नाही. "यंत्रानं आपल्या चरणी जलसमाधी घेतली, महाराज."

"बरं. पण प्रजा कुठं आहे? इथं तर बोरीचं झुडूप दिसतंय."

गोदाक्का कठड्याला लोंबकळतच होती.

"आत्ता होती की, राजेसाहेब," ती म्हणाली. "तुम्ही दिसला आन् भिऊन झाडीत पळाली. फुलंबी टाकली न्हाईत, तशीच घेऊन पळाली. केवढा तुमचा दरारा!"

राजाच्या ओल्या आयाळीतून समाधान निथळलं. "पंत, बघा. ही बाई किती खरं बोलते. हिला नदीत कुणी टाकलं?"

"गव्यांनी, महाराज," पंत म्हणाले.

गोदाक्कानं होडी परत अलीकडच्या काठाला लावली. राजानं गुहेच्या दारात उभं राहून जाहीर केलं की पलीकडे गारवा आहे, धुकं आहे, प्रजा सुखी आहे आणि योग्य तेवढी घाबरतेही आहे. दौरा यशस्वी झाला. होडी गोदाक्काला परत मिळाली. तिनं ती वाळूवर ओढली, खिळे ठोकले, फटींत नवा काथ्या भरला आणि हरिणींना हाक मारली.

होडीत बसताना एक हरिणी दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, राजाशी खोटं बोललीस म्हणे?"

"आधी खरंच बोलले होते गं," गोदाक्का वल्हं उचलत म्हणाली. "तवाच तर पाण्यात गेले."

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना कधीही "सरका" म्हणू नये, "इकडे या" म्हणावं. त्यांची जागा सुटते आणि मानही राहतो. बाकी नेहमी खरंच बोलावं. फक्त त्याआधी पोहायला शिकून घ्यावं.